सव्वीस डोकी

संगमावरून बस सुटायच्या आधी मी डोकी मोजली. पंचवीस भरली.

पुन्हा मोजली. पेनाने एकेका सीटला टेकवत पुढून मागे गेलो, मागून पुढे आलो. पंचवीसच. सकाळी बंगळूरहून निघालो तेव्हा सव्वीस होती. दुपारी मसाल्याच्या बागेतून निघताना मोजली तेव्हाही सव्वीस. म्हणजे माणूस इथेच कुठेतरी, नदीच्या काठावर असणार, असं मला वाटलं. तसं वाटून जरा बरंही वाटलं.

"कोण राहिलंय?" मी माईकवर विचारलं.

सगळ्यांनी शेजारी पाहिलं. सगळ्यांचे शेजारी जागेवर होते. पुढच्या सीटवर इंदूरचं एक जोडपं होतं. त्यातल्या बाई म्हणाल्या, "वो अंकल कहाँ हैं? जो बहुत बोलते थे?"

मागून चौथ्या रांगेत खिडकीच्या जागेवर एक कापडी पिशवी होती. पिशवीत थर्मास आणि घडी घातलेली टोपी. माणूस नव्हता.

लिमये.

मी त्या वेळी बंगळूरच्या एका टूर कंपनीत गाईड होतो. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. श्रीरंगपट्टणची एका दिवसाची टूर माझ्याकडे असायची. कावेरीचे दोन फाटे फुटतात, त्यांच्या मध्ये हे बेटावरचं जुनं गाव. सकाळी साडेसहाला निघायचं, दहाच्या सुमारास पोचायचं. रंगनाथाचं देऊळ, किल्ला, टिपूचा उन्हाळी महाल. मग बेटाबाहेर दहा-बारा किलोमीटरवर एका खाजगी मसाल्याच्या बागेत जेवण. नंतर गुंबज, म्हणजे टिपू आणि त्याच्या आईवडिलांच्या कबरी. शेवटी दोन्ही फाटे पुन्हा मिळतात तो संगम, आणि परत. शंभर वेळा केलेली टूर. झोपेत सुद्धा केली असती.

या धंद्यात 'हेडकाउंट' म्हणून एक गोष्ट असते. प्रत्येक ठिकाणाहून बस हलवायच्या आधी गाईडने डोकी मोजायची. नावं विचारायची नाहीत, डोकीच. आकडा जुळला की ड्रायव्हरला हात करायचा. साधं काम आहे. त्यामुळेच ते करताना कोणी विचार करत नाही.

लिमयांना मात्र मी चांगलाच ओळखत होतो. सकाळपासून दुसऱ्या कोणाला ओळखायला त्यांनी सवडच ठेवली नव्हती. वय सहासष्टच्या आसपास. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, मूळचे पुण्याचे. अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात छोटी वही आणि पेन्सिल. टूरवर एकटेच आले होते.

बस केंगेरीच्या पुढे गेल्यावर मी माईकवर स्वागत केलं. माझं 'राव' आडनाव ऐकून त्यांनी पुढे येऊन विचारलं, "म्हणजे तुम्ही मराठी?"

"होय साहेब. आमचे लोक शहाजीराजांच्या वेळेपासून इकडेच. चामराजपेटेत घर."

"अरे वा! मग मराठीतच बोलू."

मी मराठीत बोललो. आमच्या घरातली मराठी. तिच्यात कन्नड मिसळलेलंच असतं, आम्हाला ते कळतही नाही. मी म्हणालो, "स्वल्प थांबा साहेब, मद्दूरला कॉफीला गाडी लावतो. सरी ना?"

स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. ते मोठ्याने हसले. "स्वल्प! सरी! राव, ही कुठली मराठी हो तुमची?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. त्यांना मराठी येत नव्हती, पण कोणावर हसायचं एवढं कळलं. लिमयांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी कळलं नाही.

पुढे हे चालूच राहिलं. किल्ल्यात मी एका जागी उभा राहून सांगितलं, इथे टिपू लढता लढता पडला. लिमये मागून म्हणाले, "शव इथे सापडलं. पडला कुठे ते कोणी पाहिलं? त्या दगडावर काय लिहिलंय ते वाचा की." दगडावर खरंच तसं लिहिलेलं आहे. उन्हाळी महालात भिंतीवरच्या लढाईच्या चित्रापुढे त्यांनी माझं वाक्य मधेच तोडलं आणि तोफगोळा कसा फुटतो ते सगळ्यांना समजावलं. बरोबर होतं ते सगळं. तेच तर अवघड होतं. शेजारी बसलेला तरुण दुसऱ्या स्टॉपनंतर उठून मागे दुसऱ्या सीटवर गेला. लिमयांच्या शेजारची जागा रिकामी झाली.

एकला आम्ही बागेत पोचलो. उंच सुपारीची झाडं, त्यांच्यावर चढवलेले मिरीचे वेल, खाली हळद आणि आलं. एका बाजूला दालचिनी, जायफळ. लोकांना पान चुरगळून वास द्यायचा, हा काय वास ते ओळखायला सांगायचं. सगळे खूश होतात. शेवटी हिरव्या जाळीच्या सावलीत दहा-बारा वेलदोड्याची रोपं. तिथे मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आणि ही मसाल्यांची राणी, इथेच पिकते."

"इथे नाही पिकत," लिमये म्हणाले. "वेलदोड्याला डोंगराची हवा लागते. ही रोपं दाखवायला आणून लावलीत. बघा, एकाला तरी बोंड आहे का?"

नव्हतं. लोक माझ्याकडे बघायला लागले. इंदूरच्या बाईंनी हातातलं पान खाली टाकलं. बागेचे मॅनेजर गौडा दुसरीकडे पाहू लागले.

जेवण झालं. मी पंपघरापाशी उभा राहून बिलावर सही करत होतो. गौडा कागद पुढे करत होते, एक बाई बाथरूम कुठे विचारत होत्या. लिमये आले आणि म्हणाले, "राव, बागेच्या त्या टोकाला राजाच्या वेळचा कालवा आहे म्हणतात. दगडी दार आहे त्याला. मी जरा बघून येऊ? दहा मिनिटं."

मी वर न बघता म्हणालो, "सरी, सरी."

एवढंच. यापेक्षा जास्त काही झालं नाही. नंतर मी बसकडे गेलो, लोक चढले, मी मोजलं. सव्वीस. ड्रायव्हर नंजुंडप्पाला हात केला.

गाडी चालू झाल्यावर मी माईक घेतला आणि गुंबजाची माहिती सांगू लागलो. कोणी मधे बोललं नाही. गुंबजाच्या दारापाशी, त्या काळ्या खांबांपाशी, मी पूर्ण वीस मिनिटं बोललो आणि एकानेही मला दुरुस्त केलं नाही. मला फार छान वाटलं. म्हातारा एकदाचा दमला, असं मनात आलं. हे मी लपवत नाही. ती शांतता मला आवडली. ती कशामुळे आहे हे बघायला मी मागे वळलो नाही. गुंबजावर हेडकाउंटही केला नाही. जागा लहान, सगळे डोळ्यांसमोर, असं म्हणून टाळलं.

आणि आता संगमावर पंचवीस.

नंजुंडप्पा स्टिअरिंग सोडून मागे आला. पन्नाशीचा, शांत माणूस. माझ्याबरोबर सहा वर्षं त्याने ही टूर केली होती. मी त्याला नंजुंडण्णा म्हणायचो, तो मला रायरे, म्हणजे रावसाहेब.

"रायरे," तो हळूच कन्नडमध्ये म्हणाला, "बागेतून तो स्वयंपाकी चढला होता. म्हातारे भट. घरी बाळंतपण आहे, गावापर्यंत सोडा म्हणाले. मागच्या बाकावर बसवलं. बसस्टँडवर उतरले."

म्हणजे बागेत मी जे सव्वीस मोजले त्यात भट होते. आणि लिमये नव्हते. आकडा बरोबर होता, माणूस चुकीचा होता.

घड्याळात साडेचार झाले होते. बाग सुटून दोन तास होऊन गेले होते.

"गाडी वळव," मी म्हणालो.

संगमाच्या वर एक एसटीडी बूथ होतं. तिथे थांबून बागेला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. त्या वेळी कोणाच्याही खिशात फोन नव्हता. बसमध्ये लोक कुरकुरायला लागले. इंदूरच्या गृहस्थांना रात्रीची गाडी पकडायची होती. ते दोनदा पुढे आले, दोनदा मी त्यांना बसा म्हटलं. बाकी रस्ता मी दरवाज्यात उभा होतो. मला पंपघर दिसत होतं, माझ्या हातातला कागद दिसत होता, आणि मी न पाहिलेला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

बागेच्या फाटकात गौडा भेटले. "काय झालं, सर? विसरलं काही?"

मी थांबलो नाही. सुपारीच्या रांगांमधून सरळ कालव्याच्या टोकाकडे पळत सुटलो. मागून नंजुंडप्पा आणि गौडा पळत आले. गौडा ओरडून सांगत होते, "तिकडे जाऊ नका, पाणी सोडलंय!"

त्या भागात कालव्याचं पाणी पाळीने मिळतं. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी वरचं दार उघडतात. तोवर बागेचा पाट कोरडा असतो. त्या दिवशी बागेची पाळी होती आणि पावणेपाचला पाणी सुटलं होतं.

दगडी दारापाशी पाट पुरुषभर खोल होता. वरच्या कडेचा एक दगड निखळून खाली पडला होता. लिमये तळाशी भिंतीला पाठ टेकून बसले होते. एक पाय विचित्र बाजूला वळलेला. पाणी कमरेच्या वर आलं होतं, गढूळ, वाळकी पानं घेऊन येणारं. दोन्ही हात त्यांनी वर धरले होते. एका हातात चष्मा, दुसऱ्यात ती वही.

"राव," ते म्हणाले. ओरडून ओरडून आवाज बसला होता. "किती वाजले?"

"पाच वीस."

"दहा मिनिटांना चार बोटं चढतंय. मी मोजत होतो. अजून तासभर पुरलो असतो." मग त्यांचे दात वाजायला लागले आणि ते पुढे काही बोलू शकले नाहीत.

नंजुंडप्पा आधी उतरला. मी नंतर. गौडांनी माणसं बोलावली, पंपघराचं लाकडी दार काढून आणलं. त्याच्यावर घालून त्यांना वर काढलं. पाय हलला तेव्हा त्यांनी जो आवाज केला तो मी इथे लिहू शकत नाही.

बसमधल्या मधल्या वाटेत ते दार ठेवलं आणि म्हैसूरचं एक इस्पितळ गाठलं. वाटेत कोणी कुरकुरलं नाही. इंदूरच्या बाईंनी आपली शाल त्यांच्यावर घातली. त्यांची गाडी चुकली, त्याबद्दल त्यांनी नंतर एक शब्द काढला नाही. मांडीचं हाड कमरेपाशी मोडलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्या वयात ते वाईट.

मी म्हैसूरला थांबलो, बस बंगळूरला गेली. स्ट्रेचर आत जाताना लिमयांनी माझी बाही धरली. "घाईत विसरलात तुम्ही. होतं तसं," ते म्हणाले. मी मान हलवली. माफ करा असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीला त्यांचं पत्र आलं. मॅनेजर शेट्टींनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि ते पुढे टाकलं. इंग्रजीत, सुंदर अक्षरात लिहिलेलं. तक्रार अशी नव्हतीच. सूचना होती. आपण गाईडला विचारून कालवा बघायला गेलो होतो, तरी गाडी निघून गेली. डोकी मोजण्याची पद्धत सदोष आहे. यापुढे प्रत्येक ठिकाणी नावाने हजेरी घ्यावी म्हणजे असा प्रकार दुसऱ्या कोणाच्या बाबतीत होणार नाही. खाली सही.

शेट्टींनी 'विचारून' या शब्दाखाली लाल रेघ मारली होती.

"हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात वर केला. "नीट विचार करून सांगा. तो न विचारता भटकला असेल तर ती त्याची चूक. विचारून गेला असेल तर ती आपली चूक. मग कोर्ट, लायसन्स, सगळं. तुमचंसुद्धा. आता सांगा. विचारलं होतं?"

घरी दोन मुली शाळेत होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा मनात काय आलं ते सांगतो.

"नाही सर," मी म्हणालो. "मला तसं काही आठवत नाही."

"गुड," शेट्टी म्हणाले. "वयस्कर माणूस. शॉक बसला असणार. होतं कन्फ्यूजन."

तसंच उत्तर गेलं. आमच्या गाईडला असं संभाषण झाल्याचं स्मरत नाही, वय आणि धक्का यामुळे आपला गैरसमज झाला असावा, लवकर बरे व्हा. टाईप झालेली प्रत मी वाचली आणि बाजूला सही केली.

चूक कोणाची तरी दाखवायला हवी होती. बसमध्ये बाहेरचा माणूस बसवणं नियमाविरुद्ध होतं. ते नंजुंडप्पाने केलं होतं आणि त्याने ते विचारल्याबरोबर कबूलही केलं होतं. त्याला काढलं.

तो केबिनमधून बाहेर आला तेव्हा मी पाण्याच्या माठापाशी उभा होतो. तो माझ्याजवळ आला.

"रायरे, एक विचारू? एवढ्या मोठ्या बागेत तुम्ही सरळ कालव्याकडेच कसे पळालात?"

तो पाणी प्यायला, भांडं माठावर पालथं ठेवलं आणि गेला.

त्यानंतर मला टूरवर उभं राहता येईना. बोलता बोलता वाक्य तुटायचं. वेलदोड्यापाशी तर मी काही बोलायचोच नाही, नुसता हात दाखवायचो. शेवटी एका रविवारी लिमयांचा पत्ता बुकिंगच्या रजिस्टरमधून घेतला आणि जालहळ्ळीला गेलो.

दार त्यांच्या सुनेने उघडलं. मीनल नाव. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, रविवारीही कामावर गेला होता. मी कोण ते सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने उलट खुर्ची दिली.

"बरं झालं आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांचं हल्ली जरा तसं चाललंय. तुमच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा आम्हाला कळलं. ते सारखे म्हणायचे, मी विचारून गेलो होतो, मी विचारून गेलो होतो. आम्हाला खरंच वाटत होतं. मग पत्रात वाचलं की असं काही झालंच नाही. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पडल्यानंतर या वयात होतो भ्रम. गोळ्या चालू केल्यात. आता शांत असतात."

"शांत?"

"बोलत नाहीत फारसे. कपाटाच्या किल्ल्या, बँकेचं पुस्तक ह्यांनी आपल्याकडे घेतलंय. गॅसपाशी जाऊ देत नाही. म्हणजे जाताही येत नाही म्हणा. पण भीती वाटते ना."

मी आतल्या खोलीत गेलो. लिमये पलंगावर पडले होते. गाल आत गेलेले. उशाशी ती वही होती, पाणी लागून फुगलेली. त्यांनी मला ओळखलं. ओळखायला जरा वेळ लागला, तो गोळ्यांचा असेल.

"बसा, राव."

बसलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थांबता बोलणारा माणूस, पाच मिनिटं छताकडे बघत राहिला. बाहेर कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी मान वळवली.

"एक सांगाल? मी तुम्हाला विचारलं होतं की नाही? मला आठवतं तसं. पंपघर होतं. तुम्ही कशावर तरी सही करत होतात. पण आता... आता माझीच मला खात्री वाटत नाही. मुलगा म्हणतो नाही विचारलं. डॉक्टर म्हणतात होतं असं. रात्रंदिवस तेच तेच आठवून बघतो. जितकं आठवतो तितकं ते पुसट होतं."

मला वाटलं होतं, माझ्या खोट्याने कंपनी वाचली, मी वाचलो, फार तर नंजुंडप्पाची नोकरी गेली. या माणसाच्या डोक्यात मी काय करून ठेवलं होतं याचा मला पत्ताच नव्हता.

"विचारलं होतं साहेब," मी म्हणालो. "पंपघरापाशी. दहा मिनिटं म्हणालात. मी सही करत होतो. वर न बघता सरी सरी म्हणालो. तुम्हाला सगळं बरोबर आठवतंय. मी खोटं बोललो."

ते रागावले नाहीत. डोळे मिटले आणि बराच वेळ श्वास सोडत राहिले, ओझं खाली ठेवल्यासारखे. मग त्यांनी हाक मारली, "मीनल! इकडे ये जरा."

ती हात पुसत आली.

"हिच्यासमोर पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. शब्द न् शब्द. ती दाराला धरून उभी राहिली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. मग ती त्यांच्याजवळ गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. "बाबा," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"लिहून द्या," लिमये मला म्हणाले. वही आणि पेन्सिल त्यांनीच पुढे केली. "मुलाला दाखवायला."

माझं शिक्षण कन्नडमधलं. मराठी बोलायचो, लिहायची तेव्हा सवय नव्हती. ओळी वेड्यावाकड्या आल्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पेन्सिल मागून घेतली आणि एका ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. मग परत खाली वाचत गेले.

दुसऱ्या दिवशी मी हेच शेट्टींना लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "फाईल बंद झालीय," ते म्हणाले. "आता उघडून कोणाचं भलं होणार?" मला काढलं नाही. कोर्टाच्या भीतीने काढलं नसावं, काढलं तर मी बाहेर बोललो असतो. एक सीझन एअरपोर्टवर पाहुण्यांच्या नावाची पाटी घेऊन उभं राहायला लावलं. लिमयांनी कोर्टात जायचं नाव काढलं नाही. गोळ्या बंद झाल्या, किल्ल्या त्यांच्या उशाखाली परत आल्या, असं मीनलने फोनवर सांगितलं. हाड मात्र नीट जुळलं नाही. खोलीतून बाल्कनीपर्यंत वॉकरने यायचे, तेवढंच. दोन वर्षांनी गेले.

पुन्हा टूर मिळाल्यावर मी प्रत्येक ठिकाणी नावाने हजेरी घ्यायला लागलो. त्याला चार मिनिटं लागायची. लोक वैतागायचे, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का म्हणायचे. मी हसून यादी वाचत राहायचो आणि प्रत्येक जण 'येस' म्हणताना त्याच्या तोंडाकडे बघायचो. नव्या गाईडांना मी एवढंच शिकवायचो. जो प्रवासी तुम्हाला नकोसा वाटतो त्याचं नाव सगळ्यात आधी घ्या, कारण तो नसला तर तुमच्या लक्षात येणार नाही.

नंजुंडप्पाला शोधायला मी तीन-चारदा फिरलो. कलासीपाळ्याच्या लॉरी स्टँडवर तो एका दुपारी सापडला. हुबळीकडे माल नेणारी लॉरी चालवत होता. रात्रीच्या फेऱ्या, महिन्यातून दोनदा घर. मी त्याला सगळं सांगितलं. पंपघर, शेट्टी, सही. तो टायरला टेकून ऐकत होता.

"मी त्यांना लिहून दिलंय, नंजुंडण्णा. तू परत ये, मी पुन्हा बोलतो."

त्याने मान हलवली. "नको रायरे. झालं ते झालं." मग विचारलं, "साहेबांचा पाय कसा आहे?"

मी सांगितलं. "पाप," तो म्हणाला. बिचारा, असा त्याचा कन्नडमधला अर्थ. तेवढ्यात पुढच्या लॉरीने हॉर्न दिला. तो वर चढला, दार ओढलं, गाडी मागे घेतली.

मी पुढे अकरा वर्षं गाईड होतो. दर वेळी लायसन्स वेळेवर रिन्यू झालं. नंजुंडप्पाने टुरिस्ट बस परत चालवली नाही.